अर्ज एकच, नावे तीन

‘तुम्ही जात पाहून नोकरी देता का?’ असे एखाद्या व्यवस्थापकाला विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. तो खोटेच बोलतो असेही नाही; आपल्या मनाचा कल कित्येकदा आपल्यालाच ठाऊक नसतो. मग प्रश्नावलीला न सापडणारी गोष्ट समाजशास्त्राने शोधायची कशी?

यावरचा एक उपाय म्हणजे माणसाला विचारण्याऐवजी त्याची कृती पाहणे. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांनी ऑक्टोबर २००५पासून ६६ आठवडे हेच केले. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. अर्जदार काल्पनिक होते. शिक्षण आणि अनुभव समान; फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असे, दुसरे दलित, तिसरे मुस्लीम. जात किंवा धर्म अर्जात कुठेही लिहिलेला नव्हता. मुलाखतीचे किंवा लेखी परीक्षेचे बोलावणे कोणाला येते, एवढेच मोजायचे होते.

या आराखड्याचे बळ साधेपणात आहे. बाकी सारे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलली, की निकालातल्या फरकाला ‘पात्रता कमी होती’ हे नेहमीचे स्पष्टीकरण उरत नाही. ऑक्टोबर २००७मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले. बोलावणे येण्याचे न येण्याशी असलेले प्रमाण उच्चवर्णीय नावासाठी १ धरले, तर दलित नावासाठी ते ०.६७ आणि मुस्लीम नावासाठी ०.३३ भरले.

आता मर्यादा पाहू. हा प्रयोग फक्त पहिल्या दारापाशी थांबतो. मुलाखतीत, पगारात, बढतीत काय होते ते त्यातून कळत नाही. ओळखीपाळखीने भरल्या जाणाऱ्या जागा तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत. शिवाय कंपन्यांना अंधारात ठेवावे लागते. आधी संमती मागितली तर प्रयोगच उरत नाही. हा नैतिक पेच संशोधकाला टाळता येत नाही.

एका अभ्यासावर शेवटचा शब्दही सोपवता येत नाही. २००९मध्ये अभिजित बॅनर्जी, मरियान बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि सेंधिल मुल्लयनाथन यांचा दिल्ली परिसरातला असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३७१ जागांना ३,१६० अर्ज गेले होते. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीनुसार फरक आढळला नाही. कॉल सेंटरमध्ये मात्र आढळला, विशेषतः इतर मागासवर्गीय नावांबाबत. मुस्लीम नावांबाबत भेदभावाचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे ‘भेदभाव आहे की नाही?’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. कोणत्या कामात, कोणाबाबत, कोणत्या टप्प्यावर, असे विचारावे लागते.

आणि ‘का?’ याचे उत्तर अर्ज मोजून मिळत नाही. त्यासाठी पुन्हा माणसांशीच बोलावे लागते. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या २५ मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या. जातीबद्दल थेट विचारण्यापेक्षा उमेदवार कसा निवडता, हे त्यांनी विचारले. गुणवत्तेची ग्वाही सगळेच देत होते; पण उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ही महत्त्वाची, असे त्याच ओघात येत होते. वडील काय करतात, घर कुठे, बहीणभाऊ किती शिकलेले, हे प्रश्न विचारणाऱ्याला निरुपद्रवी वाटतात. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झाले आहे, त्याला मात्र तिथेच उत्तर शोधावे लागते.