बंगळुरची हवा आणि दम्याची फिर्याद

बदलीचा हुकूम हाती पडताच पुण्याहून वा बेळगावाहून बिऱ्हाड हलवून बंगळुरास आलेल्या मराठी कुटुंबातील एखाद्या मुलाला धाप लागू लागली, रात्री छाती शिट्टीसारखी वाजू लागली, की “इथली हवा मानवली नाही” असा निवाडा वडीलधारी मंडळी तत्काळ देऊन टाकतात, आणि हवा म्हणजे त्यांच्या मते सुमारे ९०० मीटर उंचीवरचा तो गारवा. आधीच हुळहुळ्या झालेल्या श्वासनलिका गारव्याने आकसतात हे खरे, परंतु डॉ. एच. परमेश यांनी याच शहरातील १२ शाळांतल्या ६,५५० मुलांची पाहणी केली, तेव्हा दम्याचे प्रमाण विरळ रहदारीच्या भागातील शाळांत ११.१५ टक्के, दाट रहदारीच्या भागात १९.३४ टक्के आणि तशाच भागातील गरीब मुलांत ३१.१४ टक्के आढळले. गारवा तर तिन्हीकडे सारखाच!

दुसरा समज अधिक हट्टी आहे. मुलाची प्रतिकारशक्ती कमी पडते, सबब च्यवनप्राशाची बरणी आणावी, अशी तजवीज घरोघर होते. वस्तुतः अॅलर्जीच्या दम्यात ही शक्ती दुर्बल नसून भलत्याच ठिकाणी दक्ष असते. बंगळुरातल्या मोकळ्या ‘साइटीं’वर, म्हणजे भूखंडांवर, माजणारे गाजरगवतच घ्या: १९५०च्या दशकात ते प्रथम पुण्यात नजरेस आले, आणि त्याच्या परागांमुळे बंगळुरातील सुमारे ७ टक्के लोकांना नाकाची अॅलर्जी असल्याचे भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९१ साली नोंदवले. (गवत फस्त करणारा मेक्सिकोचा भुंगा १९८४ साली याच शहरात सोडला होता, गवत अद्याप सुखरूप आहे.) निरुपद्रवी पराग वा उशीतील धूळकिड्यांची विष्ठा यांना शत्रू समजून शरीर आयजीई नावाची प्रतिद्रव्ये घडवते, ती मास्ट पेशींवर ठाण मांडतात, आणि तोच पदार्थ पुन्हा आला की त्या पेशींतून हिस्टामिनादी द्रव्ये सुटून श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, अस्तर सुजते, कफ दाटतो. डिझेलच्या धुराची सोबत मिळाली, की हीच प्रतिक्रिया बळावते. प्रत्येक दमा मात्र अॅलर्जीचाच असतो असे नाही.

‘पंपाची सवय लागते’ ही भीतीही निराधार आहे. पंपातून श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड मायक्रोग्रॅमच्या मापाने थेट सुजेवर उतरते, तर तोंडाने घेतलेल्या गोळीतले मिलिग्रॅमच्या मापाने सर्वांगात फिरते. शिवाय धाप लागल्यापुरता ओढायचा साल्ब्युटामॉलचा पंप केवळ आवळलेले स्नायू सैल करतो. सूज तशीच राहते, म्हणून दुसरा, स्टेरॉइडचा, पंप डॉक्टर सांगतील तोवर, बरे वाटत असतानाही, चालू ठेवावा लागतो.