पंचमच्या मैफलीतले जाणते कान

४ जानेवारी आणि २७ जून. राहुलदेव बर्मन ऊर्फ ‘पंचम’ यांचा स्मृतिदिन (१९९४) आणि जन्मदिन (१९३९). या दोन तारखांच्या आसपास पुण्याच्या नाट्यगृहांत पंचमची गाणी हमखास रंगतात. ‘पंचममॅजिक’ ही पुण्यातल्या चाहत्यांचीच संस्था. तिने पंचमच्या मूळ वादकांना मंचावर आणून बोलतं केलं, वाजवायला लावलं. हे काम फार मोलाचं आहे, कारण मनोहारी सिंग, केरसी लॉर्ड, भानू गुप्ता आता आपल्यात नाहीत.

जुना चाहता गायकाआधी वाद्यांकडे कान लावतो.

‘यादों की बारात’मधल्या (१९७३) ‘चुरा लिया’ची सुरुवात होताच तो काचेच्या ग्लासावरच्या चमच्याची किणकिण शोधतो. ‘शोले’तल्या (१९७५) ‘मेहबूबा’ला बाटलीत फुंकून काढलेला घुमार हवा, तो कीबोर्डवर भागवला की त्याचा विरस होतो. ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या (१९७१) ‘कांची रे’चा मादल, म्हणजे नेपाळी ढोलक, रणजित गझमेर यांचा. या गाण्यामुळेच त्यांना ‘कांचा’ हे नाव चिकटलं. आणि खाचांवर काडी घासून वाजवायच्या रेसो-रेसोची ती खरखर? अमृतराव काटकरांची! मारुतीराव कीरांच्या तबल्याइतकाच तिच्यातही मराठी हात आहे, हे आवर्जून सांगायला हवं.

अशा मैफलीला पहिल्यांदा जाणार असाल, तर गाण्याचे शब्द गुणगुणू नका. दोन कडव्यांमधलं संगीत ऐका.