आधी पाहणी, मग बंदूक

कर्ज मंजूर करण्याआधी जमीन डोळ्यांनी पाहून यावी, हा बँकेचा जुना दंडक. सातबारा तपासला, फेरफार पाहिले, चतुःसीमा लिहून घेतल्या म्हणजे जमीन कळली असे होत नाही. बांधावर उभे राहावे लागते, विहिरीत डोकवावे लागते, ढेकूळ हातात घेऊन फोडून पाहावे लागते. कागदावर बागायत आणि शिवारात कुसळे, असा अनुभव ग्रामीण शाखेत काढलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला नवा नाही. शिकारीलाही हाच दंडक लागू असतो, हे मात्र मला निवृत्तीनंतर, अमेरिकेच्या ऐन मध्यावरच्या नेब्रास्का राज्यात कळले. तिथे कायोटी नावाच्या जनावराची शिकार करायची तर आधी काही दिवस बंदूक घरी ठेवून नुसते शिवार वाचायचे असते. तिकडे त्याला ‘स्काउटिंग’ म्हणतात. आपल्याकडे साधा शब्द आहे, माग काढणे.

मुलगी आणि जावई त्या भागात नोकरीला. त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या दोन मेंढ्या आठवड्याभराच्या अंतराने मेलेल्या सापडल्या होत्या. शेजारीपाजारी म्हणाले, कायोटीचे काम. गृहस्थ सत्तरीचे, बोलायला कमी. जानेवारीत शिकारीचा बेत करायचा की नाही, हे ठरवण्यासाठी ते डिसेंबरभर आपले शिवार हिंडणार होते. मी बरोबर येतो म्हटले. बंदूक धरायची मला हौस नव्हती, आणि बाहेरच्या माणसाला परवाना लागतो. मी वही घेतली.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड आणि लांडग्यापेक्षा लहान असा प्राणी. वजन साधारण दहा ते पंधरा किलो, रंग वाळल्या गवताचा, शेपटी झुपकेदार आणि पळतानाही खाली. नाव मूळचे मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतले. शहरातले लोक ‘कायोटी’ म्हणतात, शेतावरचे ‘कायोट’. त्याचे शास्त्रीय नाव थॉमस से या निसर्गअभ्यासकाने १८२३ साली दिले. ते ज्या नमुन्यावरून दिले तो याच नेब्रास्कात, मिसूरी नदीच्या काठी मिळालेला. त्या लॅटिन नावाचा अर्थ ‘भुंकणारा’. कोल्हेकुई ऐकत वाढलेल्या माणसाला त्या नावाचे नवल वाटत नाही.

आता जमीन. १७८५ च्या कायद्याने अमेरिकेने आपली बरीचशी जमीन चौकोनात मोजून टाकली. एक मैल लांब, एक मैल रुंद असा एक तुकडा, ६४० एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला मिळाला तो एवढाच. मैलामैलावर खडीचे सरळ रस्ते. चतुःसीमा लिहिणाऱ्या माणसाला हेवा वाटावा अशी आखणी. पण या चौकोनात पाणी देणारे यंत्र फिरते ते गोल. मधल्या खांबाभोवती लांबलचक नळ चाकांवर फिरतो आणि पिकाचे मोठे वर्तुळ तयार होते. फ्रँक झायबाक या शेतकऱ्याला या युक्तीचे पेटंट १९५२ साली मिळाले. चौकोनात वर्तुळ बसवले की कोपरे उरतात. हिशेब केला: १६० एकरांत वर्तुळ सव्वाशे एकरांचे, म्हणजे चार कोपऱ्यांत मिळून चौतीस एकर कोरडे राहतात. तिथे गवत माजते, मोडकी अवजारे पडतात. कायोटीचा पत्ता विचाराल तर बऱ्याचदा हाच.

दुसरा पत्ता झाडांच्या रांगांचा. १९३० च्या दशकात या मैदानांची माती वाऱ्याने उडून गेली, तेव्हा सरकारने १९३४ ते १९४२ या काळात सुमारे बावीस कोटी झाडे रांगांनी लावली, वाऱ्याला आडोसा म्हणून. तिसरा पत्ता ओढ्याकाठचा. आणि चौथा सरकारी गवताचा. १९८५ पासून तिथले केंद्र सरकार धुपणाऱ्या जमिनीवर पीक न घेता गवत राखण्यासाठी शेतकऱ्याला वर्षाचे भाडे देते. न पेरण्याबद्दल पैसे, हे ऐकून माझ्यातला बँकवाला काही वेळ गप्प झाला.

मका उभा असतो तोवर कायोटी कुठेही असू शकतो. पुरुषभर उंचीचे पीक मैलोन्‌मैल पसरलेले. त्यात हत्ती लपेल. कापणी झाली, नुसती धसकटे राहिली, की सगळे रान उघडे पडते आणि तो या चार पत्त्यांवर गोळा होतो. म्हणून माग काढायचा तो कापणीनंतर.

आम्ही सकाळी खडीच्या रस्त्याने चालत असू. रस्त्याच्या कडेची मऊ माती, मोरीचे तोंड, तारेच्या कुंपणाखाली घसटून पडलेली वाट, तारेच्या गाठीत अडकलेले केस. आदल्या रात्री भुरभुर बर्फ पडला असेल तर काम सोपे. कायोटीचा ठसा लांबट, अंडाकृती, पुढच्या पायाचा जेमतेम अडीच इंच, मागच्याचा त्याहून लहान. मधल्या दोन बोटांची नखे एकमेकांशी जवळ, समोर रोखलेली. कुत्र्याचा पंजा पसरट, बोटे फाकलेली, नखे बोथट. ठशाहून खात्रीची खूण म्हणजे चाल. पाळीव कुत्रा पोट भरून घराबाहेर पडतो. तो इकडे हुंगतो, तिकडे वळतो, परत येतो. कायोटीला पोटाची चिंता असते. तो उगाच एक पाऊल टाकत नाही. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर ठेवत सरळ रेषेत जातो, बर्फावर दोरी टाकावी तसा. पगारदार आणि हातावर पोट असलेला, यांच्या चालीतला फरक मी फार वर्षे पाहिला आहे. तो बर्फात इतका स्वच्छ उमटतो, हे ठाऊक नव्हते.

खरे बोलके पुरावे मात्र विष्ठेत. कायोटी ती आडोशाला टाकत नाही. दोन वाटा मिळतात तिथे, शेताच्या कोपऱ्यावर, रस्त्याच्या मधोमध, दिसेल अशी ठेवतो. हद्दीचा दगडच तो. एकाच जागी जुनी, पांढुरकी पडलेली आणि ताजी अशी दोन्ही सापडली, तर जोडी इथली रहिवासी आहे असे समजावे. गृहस्थ काडीने ती उकलत. हात लावायचा नाही, नाक जवळ न्यायचे नाही, अशी ताकीद होती. तिच्यात पट्टकृमीची अंडी असू शकतात, ती माणसाला बाधतात. आत काय निघे? उंदरांची बारीक हाडे, सशाचे केस, मक्याचे दाणे. उन्हाळ्यात तुतीच्या आणि रानटी आलुबुखाराच्या बिया निघतात म्हणाले. कलिंगडाच्या मळ्यात तर कायोटी पिकलेले फळ नेमके निवडून फोडतो. कोल्हा काकडीला राजी, ही म्हण अटलांटिक ओलांडूनही खरी ठरते. माझ्या वहीत चार दिवसांत अकरा नोंदी झाल्या. लोकर एकीतही नव्हती.

सांजवेळी गाडी थांबवून ऐकायचे. एखादा भोंगा वाजला की दूरवरून उत्तर येते. दोनच कायोटी असे सूर बदलत ओरडतात की ऐकणाऱ्याला दहाबारांची टोळी वाटावी. आवाज कुठल्या दिशेने, किती वाजता, हे लिहून ठेवायचे. पुढे वाऱ्याची नोंद. घायाळ सशाच्या आवाजाने त्याला बोलावतात, पण तो सरळ येत नाही. लांबून वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेतो. म्हणून गाडी कुठे ठेवायची, कुठल्या बांधाआडून चालत जायचे, पाठ कुठे करायची, हे सगळे आधी ठरते. तोही आपल्या परीने पाहणीच करून येतो.

हे सगळे झाल्यावरही मुख्य प्रश्न शिल्लक होता. मेंढ्या मारल्या कुणी?

इथे माझा जुना धंदा जागा झाला. १९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत आम्ही म्हशींसाठी, शेळ्यांसाठी कर्जे दिली. जनावराचा विमा असे, कानात बिल्ला असे. जनावर मेले की बिल्ला हजर करावा लागे. बिल्ला नाही तर दावा नाही. शिवाय पशुवैद्याचा दाखला. जनावर मेले हे दिसतच असते. कशाने मेले, हा पंचनाम्याचा विषय.

गृहस्थांनी दुसरी मेंढी थंडीत तशीच झाकून ठेवली होती. सुरी घेऊन त्यांनी नरड्यावरचे कातडे सोलले. कायोटी मेंढीला धरतो तो बहुधा नरड्याशी, जबड्याच्या मागे, आणि श्वास कोंडून मारतो. जिवंत जनावराला दात लागले तर कातड्याखाली रक्त साकळते. मेलेल्याला लागले तर साकळत नाही, कारण रक्त फिरायचे थांबलेले असते. एवढ्या एका गोष्टीवरून मारणारा आणि मागाहून येऊन खाणारा वेगळे काढता येतात. या मेंढीचे नरडे स्वच्छ होते. रक्त साकळले होते ते मागच्या मांड्यांवर आणि कुशीत. कान फाटलेले, लचके जागोजाग, आणि खाल्लेले जवळजवळ काहीच नाही. पोटासाठी मारणारा असे मारत नाही. कुंपणापाशी ठसे होते तेही पसरट, फाकल्या बोटांचे. पहिली मेंढी उघड्यावर पडली होती तिथे कायोटीचे ठसे भरपूर होते, पण आठवडाभर ती खंगत चालली होती, हे त्यांना स्वतःलाच आठवले. तिच्याही कातड्याखाली त्यांना तेव्हा रक्त दिसले नव्हते. म्हणजे एक रोगाने मेली आणि कायोटीने तिची विल्हेवाट लावली. दुसरी कुणाच्या तरी मोकाट सोडलेल्या कुत्र्यांनी मारली.

मग या कोपऱ्यातल्या जोडीचे काय करायचे? हा प्रश्न एका शेतापुरता नाही. १९३१ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने कायदा करून उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त आपल्या अंगावर घेतला. सापळे झाले, विष झाले. १९७२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर विषप्रयोग बंद केले, १९८२ मध्ये रेगन यांनी तो आदेश मागे घेतला. अलीकडेही सरकारी खाते एकटे वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारते. खासगी शिकारी वेगळे. आणि निष्पत्ती? पूर्वी पश्चिमेच्या मैदानांपुरता असलेला हा प्राणी, लांडगा संपवल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत पसरत आज अलास्कापासून पनामापर्यंत पोचला आहे. १९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातून कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी गणित मांडले, की दरवर्षी शंभरातले सत्तर मारले तरी ही जात टिकते. पंचाहत्तर मारत राहिले तर संपायला पन्नास वर्षे लागतील. एवढी वसुली कुठल्याच खात्याला जमलेली नाही.

शिवाय कायोटीची जोडी आपली हद्द राखते, परक्याला आत येऊ देत नाही. मेंढीला तोंड न लावणारी जोडी मारली, तर रिकामी जागा कोण घेईल हे सांगता येत नाही. उलट पिल्ले वाढवणारी एखादी जोडी मेंढ्यांना चटावली, तर नुकसान बहुतेक तिचेच असते, आणि तिथे नेमकी तीच मारण्यात अर्थ असतो. ‘कायोटी मारा’ आणि ‘हा कायोटी मारा’ यांत फरक आहे, आणि तो कळतो माग काढल्यावरच.

गृहस्थ प्राणिप्रेमी नव्हते, हे सांगितले पाहिजे. पुढच्या वसंतात कोकरे जन्मतील, त्यांच्या नरड्यावर दात दिसले तर त्याच जोडीसाठी कुठे बसायचे, हे त्यांनी वाऱ्यासकट लिहून ठेवले. तोवर त्यांनी मेंढ्या रात्री गोठ्यात घ्यायचे ठरवले, मेलेले जनावर उघड्यावर टाकायचे बंद केले, आणि एका संध्याकाळी गाडी काढून पलीकडच्या वस्तीवर कुत्र्यांविषयी बोलायला गेले. ते काम कायोटी मारण्यापेक्षा अवघड होते. परत आल्यावर बराच वेळ बोलले नाहीत.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर शिकारीचा बेत करायचा प्रश्न उरला नाही. पण आळ घेण्याचा प्रश्न उरला आहे. माळरानावर शेळी फाडलेली सापडली की गावात एकच नाव निघते, लांडग्याचे. जवळपास ऊस असला तर बिबट्याचे. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या त्याच माळावर हिंडत असतात, त्यांचे नाव घेताना जरा अडखळायला होते, कारण ती कुणाची ना कुणाची असतात. नुकसानभरपाईसाठी पंचनामा होतो तो बहुधा कागद पुरा करण्यापुरता. त्या पंचनाम्यात नरड्याचे कातडे सोलून पाहिले का, ठसे लांबट होते की पसरट, एवढ्या दोन ओळी कुणी मन लावून लिहिल्या, तरी धनगराला त्याच्या शेळीचे खरे कारण कळेल, आणि माळावरच्या लांडग्यावर न केलेल्या गुन्ह्याचा बोजा चढणार नाही.