भोळी समजूत आणि ख्रिस्ती शास्त्र



धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं माकणी नांवाचें गांव आहे. तेथील धरणामुळें पुष्कळांस तें ठाऊक असेल. तेथून किल्लारी जवळच. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास त्या परिसरांत मोठा धरणीकंप झाला. गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाचा भार, अशीं घरें निजलेल्यांच्या अंगावर कोसळलीं. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून ८ ते १० हजार माणसें मेलीं.

मी त्या वेळीं तरुण शिक्षक होतों. पुढें कित्येक दिवस एकच बोलणें कानीं येई : ‘कोणाचें तरी पाप भोंवलें.’ एक बाई मला म्हणाली, ‘गुरुजी, माझ्या पोरीनं काय पाप केलं व्हतं? सात वर्सांची तर व्हती.’ मला उत्तर देतां आलें नाहीं. बऱ्याच वर्षांनीं नवा करार वाचीत असतां हाच प्रश्न मला तेथें भेटला. मी ख्रिस्ती नाहीं; एक वाचक या नात्यानेंच आज बोलत आहें.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत यरुशलेम येथील एका अपघाताचा उल्लेख आहे. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसें मेलीं होतीं. ज्यांवर असें संकट येतें ते इतरांहून अधिक पापी असले पाहिजेत, अशी लोकांची समजूत. येशूनें स्वतःच ही गोष्ट काढली, हे अठरा जण बाकीच्या नगरवासीयांहून अधिक अपराधी होते काय, असें विचारलें, आणि नाहीं म्हणून सांगितलें. लगेच ऐकणाऱ्यांस त्यानें पश्चात्ताप करण्याविषयीं बजावलें. तात्पर्य, मेलेल्यांच्या पापाचा हिशेब मांडूं नये. जिवंतांनीं आपापला मांडावा. योहानाच्या ९ व्या अध्यायांत एका जन्मांधाविषयीं शिष्य विचारतात, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? उत्तर मिळतें, दोघांचेंही नाहीं.

प्रेषितांच्या कृत्यांत अशीच एक मासलेवाईक कथा आहे. गलबत फुटून पौल माल्टा बेटाला लागला. शेकोटीवर काटक्या टाकतांना धग लागून निघालेला साप त्याच्या हाताला चिकटला. बेटावरचे लोक म्हणाले, हा खुनी असला पाहिजे. समुद्रांतून वांचला, तरी न्याय याला सोडीत नाहीं! पौलानें साप विस्तवांत झटकला. हात सुजेना, माणूस मरेना. तेव्हां तेच लोक त्याला देव म्हणूं लागले. पुरावा एकच, साप. निवाडे मात्र दोन आणि दोन्ही चुकीचे. भोळ्या समजुतीचें याहून नेमकें चित्र क्वचितच सांपडेल.

जुन्या करारांत अनुवाद नांवाच्या ग्रंथांत शकुन पाहणें, जादूटोणा करणें, मृतांस प्रश्न विचारणें यांस स्पष्ट मनाई आहे. मोशेनें घडविलेल्या पितळी सर्पापुढें लोक धूप जाळूं लागले, तेव्हां हिज्कीया राजानें तो सर्प फोडून टाकला. स्वतःच्या धर्मांतील पूज्य वस्तूचाही त्यानें मुलाहिजा ठेवला नाहीं.

परंतु दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. भुतें नाहींत, असें हें शास्त्र म्हणत नाहीं. भूतबाधेच्या कथा त्यांत आहेतच. त्याची मनाई मुख्यतः एका देवावरील निष्ठेवर उभी आहे. शिवाय, चेटूक करणाऱ्या स्त्रीस मृत्युदंड सांगणारें वचनही निर्गम ग्रंथांत आहे. त्याचा आधार घेऊन युरोपांत १५ व्या ते १८ व्या शतकांत हजारों लोकांस ठार मारलें गेलें. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ज्या ग्रंथांत बुरुजाची गोष्ट आहे, त्याच ग्रंथाच्या नांवानें हें घडलें. आपल्या महाराष्ट्रांतही २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. ही भीति कोणत्याही एका धर्माची मिरास नाहीं.

मग कारण शोधूंच नये काय? अवश्य शोधावें. धरणीकंपानंतर माकणीच्या धरणांतील पाण्याचा त्याच्याशीं कांहीं संबंध आहे काय, असाही प्रश्न निघाला, आणि त्यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. असें विचारणें ही भोळी समजूत नव्हे. पाणी मोजतां येतें, खडक तपासतां येतो, चूक दिसल्यास मत बदलतां येतें. दुसऱ्याचें पाप मोजण्याचें माप मात्र कोणाजवळ आहे? माणसें मेलीं तीं भिंती आणि माळवदें अंगावर पडून. तेव्हां पाप कोणाचें हें विचारण्यापेक्षां पुढचें घर कसें बांधावें, हें विचारणें अधिक धर्माचें.

ती बाई मला पुन्हा भेटली नाहीं. भेटली असती, तर म्हणालों असतों, ‘माय, तुमच्या लेकीचा कांहीं अपराध नव्हता.’ एवढें सांगण्यास खरें तर कोणताच ग्रंथ लागूं नये. पण त्या दिवशीं मला तें सुचलें नाहीं.