दगडाचा काय कसूर?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून लोक थकून झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली आणि किल्लारी-सास्तूर भागातली गावंच्या गावं ढिगारा झाली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो. नोकरी नव्हती, कविता होती. त्या आठवड्यात लिहिलेल्या कवितेत मी दगडाला खुनी म्हटलं.

एकट्या माझंच हे म्हणणं नव्हतं. आमच्या भागातला जो तो हेच म्हणत होता. ज्या भिंतींच्या भरवशावर पिढ्या झोपल्या, त्यांनीच जीव घेतला. ज्यांची घरं नुसती तडकली होती तेही आत जाईनात. औसा तालुक्यात माझी खाला राहत होती. तिच्या घराला बोट जाईल एवढी फट पडली होती. तिनं बाज उचलून लिंबाखाली टाकली ती टाकलीच. थंडी आली, पाऊस आला की पत्र्याच्या शेडमध्ये, पण घरात नाही.

माझे मामू गवंडी होते. कविता ऐकून म्हणाले, ''पत्थर का क्या कसूर बेटा? उसको किसी ने पकड के रखाच नै था.''

पुढं तज्ज्ञांनी पाहणी करून जे सांगितलं, ते मामूंच्या बोलण्यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. आपल्याकडची जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड, दिसायला किल्ल्यासारखी. पण ती एक भिंत नसतेच. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधे बारीक दगड-माती. दोन्ही थरांना बांधणारा, आरपार जाणारा लांब दगड घालायचा राहून गेलेला. सांधायला चुना नाही, सिमेंट नाही, नुसता चिखल. वर माळवद. ते गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेले. धक्का बसला तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांना सोडून दोन बाजूंना पडले. कित्येक ठिकाणी आतले लाकडी खण मात्र उभे राहिले होते. भिंत गेली आणि खांब-तुळई तशीच! ढिगाऱ्यापाशी उभं राहून आम्ही ते पाहत होतो, पण त्याचा अर्थ आम्हाला लागत नव्हता.

आशा हा शब्द आम्हा कवींना फार लवकर सापडतो. भूकंपानंतर आशेवर पुष्कळ लिहिलं गेलं, मीही लिहिलं. खाला त्यामुळं घरात गेली नाही.

सर्वाधिक हानी झालेली बावन्न गावं दुसरीकडे वसवली गेली. सरळ रस्ते, आखीव प्लॉट, घराघरांत अंतर. छप्पर मिळालं हे मोठंच काम झालं, त्याला नावं ठेवणार नाही. पण गल्ली गेली, ओसरी गेली, शेत लांब पडलं. तिथल्या म्हाताऱ्यांना शेजारी शोधत फिरताना मी पाहिलं आहे. उरलेल्या गावांमधल्या लाखावर घरांचं काम निराळ्या पद्धतीनं झालं. सरकारनं पैसे हप्त्यानं दिले. सामान आणायचं घरमालकानं, गवंडी लावायचा त्यानंच. गावोगावी बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. भिंत कशी बळकट करायची हे त्या घरोघरी जाऊन समजावत.

खालाकडं अशीच एक बाई येई. भिंतीला ठरावीक अंतरानं आरपार भोक पाडायचं, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. खांब-तुळईच्या सांध्याला तिरकस आधार द्यायचा. काम मामूंनीच केलं. खाला लिखापढी न झालेली, पण मामूंच्या मागं उभी राहून भोकं मोजायची. एके दिवशी एक कमी भरलं, तर सख्ख्या भावाला तिनं चहा दिला नाही!

याच सुमारास मला उमगलं, की खालाला धीर हवा होता असं नव्हे, तिला कारण हवं होतं. घर का पडतं हे कळलं, आणि ते पडू नये म्हणून काय करायचं ते तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या हिशेबानं झालं. भीती तेवढ्यानं गेली नाही, पण तिला एक माप मिळालं.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरलं. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या बायका तिकडच्या बायकांना भेटायला गेल्या होत्या. आपली घरं त्यांनी पुन्हा कशी उभी केली हे सांगायला. हे वाचलं तेव्हा मला खाला आठवली. ती काही गेली नव्हती. आमच्या गल्लीपलीकडं तिनं जग पाहिलं नाही.

काम झाल्यावर तिनं बाज आत आणली, ती दाराशी. दार उघडं ठेवूनच ती झोपे. पुढच्या हिवाळ्यात मी गेलो, तर दार लोटलेलं होतं. बाज मधल्या खणात होती आणि खाला भिंतीला पाठ लावून तांदूळ निवडत बसली होती.