टर्मिनलमधून ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती कशी बघायची (आणि ती नोंदवायची कशाला?)

प्रबंधात "विश्लेषणासाठी पायथन वापरले" एवढं लिहून आपण मोकळे होतो. ऑपरेटिंग सिस्टीम कुठली, हे सहसा कोणी लिहीत नाही. पण २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या एका गटाने काय दाखवलं ते बघा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, एनएमआरच्या आकडेमोडीसाठी वापरल्या जाणाऱ्या विलोबी-हॉय स्क्रिप्ट्स त्यांनी वेगवेगळ्या मशीनवर चालवल्या. मॅकओएस मॅव्हरिक्स आणि विंडोज १० वर उत्तर बरोबर आलं. मॅकओएस मोहावी आणि उबुंटू १६ वर वेगळंच! कोड तोच, डेटाही तोच.

कारण अगदी साधं होतं. फोल्डरमधल्या फाईल्सची यादी ठरावीक क्रमानेच मिळेल, असं स्क्रिप्टने गृहीत धरलं होतं. पायथनचं 'ग्लॉब' मॉड्यूल तशी खात्री देत नाही. क्रम सिस्टीमवर अवलंबून असतो. त्यामुळे फाईल्सच्या जोड्या चुकल्या, आणि एरर मात्र एकही आली नाही. म्हणजे नुसतं "मॅक वापरला" लिहूनही भागलं नसतं, आवृत्ती हवीच.

आता ती बघायची कशी? मॅकवर टर्मिनल उघडा आणि एसडब्ल्यू, अंडरस्कोर, व्हर्स असं सलग टाईप करा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हर' पुरतं. पण इथे एक गंमत आहे: विंडोज ११ असलं तरी आकडा १०.० नेच सुरू होतो. त्यापुढचा बिल्ड नंबर बघायचा. तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर तो २२००० किंवा त्याहून जास्त असेल तर विंडोज ११ समजा.

लिनक्सवर जरा थांबून समजून घ्या, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. 'यूनेम' कमांडला मायनस आणि स्मॉल आर जोडला की जो आकडा येतो, तो कर्नलचा. उबुंटू कुठलं आहे ते त्यातून कळत नाही. त्यासाठी ईटीसी फोल्डरमधली 'ओएस-रिलीज' ही फाईल 'कॅट'ने वाचा. डॉकर कंटेनरमध्ये तर ही फाईल कंटेनरमधल्या सिस्टीमचं नाव सांगते आणि यूनेम बाहेरच्या मशीनच्या कर्नलचं. दोन्ही उत्तरं खरी, म्हणून दोन्ही लिहून ठेवा.

क्लस्टरवर काम करत असाल तर लॉगिन नोडवर बघून समाधान मानू नका राव! तुमचा जॉब चालतो कम्प्यूट नोडवर, आणि तिथली सिस्टीम तीच असेल असं नाही. या कमांड्स जॉब स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच टाका, म्हणजे आवृत्ती निकालाच्याच लॉग फाईलमध्ये आपोआप छापली जाईल.