टर्बो म्हणजे नेमकं काय? शर्यतीच्या इंजिनातून समजून घेऊ

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, 'हे काय बायकांचं काम आहे का?' पण आपल्याच गटांतून ट्रॅक्टरला, पिकअपला कर्ज जातं ना? मग एक दिवस निरोप येतो, 'टर्बो गेला, खर्च मोठा आहे.' हप्ता थांबतो आणि आपण मान डोलावतो, कारण टर्बो म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आज आम्ही टर्बोची माहिती देणार आहोत. त्यासाठी आम्ही मुद्दाम शर्यतीची गाडी निवडली आहे. ट्रॅक्टरमध्ये जे सावकाश, वर्षानुवर्षं घडतं, ते तिथे काही सेकंदांत घडतं, म्हणून समजायला सोपं जातं. शिवाय आपली पोरं मोबाईलवर याच शर्यती बघत असतात.

या शर्यतीला ड्रॅग रेस म्हणतात. वळण नाही, चढ नाही. सरळ पट्टी, शेजारी शेजारी दोन गाड्या आणि अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. जी आधी पोचली ती जिंकली. हा खेळ अमेरिकेत वाढला. तिथली 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था १९५१ साली सुरू झाली. चांगल्या गाड्या हे अंतर दहा सेकंदांच्या आत कापतात, खास बांधलेल्या गाड्या सहा-सात सेकंदांत. हा पुरुषांचाच खेळ मानला जायचा. पण शर्ली मल्डाउनी या बाईंनी १९६५ साली त्याचा परवाना मिळवला आणि सर्वांत वेगवान गटाचं अजिंक्यपद १९७७, १९८० आणि १९८२ असं तीनदा जिंकलं. तेव्हा बायकांचं काम कोणतं, हा प्रश्न तिकडे कधीच सुटला आहे.

आता इंजिनाकडे वळू. इंजिन म्हणजे बंद चूलच. चूल पेटायला लाकूड लागतं तशीच हवाही लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. इंधन जास्त ओतणं सोपं आहे, अडतं ते हवेपाशी. नुसतंच इंधन वाढवलं तर ओल्या लाकडासारखा धूर होतो, ताकद मिळत नाही. चूल मंदावली की आपण फुंकणी घेतो, लोहार भाता मारतो. टर्बो हा इंजिनाचा भाता आहे.

हा भाता कोण मारतं? इंजिनाचा स्वतःचा धूर. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका छोट्या पात्यांच्या चाकावर आदळतो आणि ते फिरतं. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही युक्ती आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरची. त्याचं पेटंट १९०५ सालचं आहे. ही चाकं मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतात. एका बाजूला लालबुंद करणारा धूर आणि दुसऱ्या बाजूला हवा, मधला दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पण हवा फुकट दाबली जात नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून गरम लागतो, आठवतं का? दाबली की हवा तापते. बाहेर ३५ अंश तापमान असेल आणि टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर ती हवा १३० अंशांच्या आसपास जाते. तिप्पट केला तर दोनशेच्या घरात. आणि तापलेली हवा फुगते. दाब दुप्पट केला तरी इंजिनात हवा दुप्पट जात नाही, जेमतेम दीडपट जाते. तीच हवा ५० अंशांपर्यंत गार केली तर जवळजवळ दुप्पट बसते. उन्हात फुगलेला कापूस पोत्यात कमी मावतो आणि दाबून बसवला की जास्त, तसंच हे.

गरम हवेचा दुसरा धोका मोठा आहे. पेट्रोल ठिणगी पडल्यावर जळायला हवं. आतली हवा फार तापली तर उरलेलं पेट्रोल आपोआप, एकदम भडकतं. पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. गॅरेजमध्ये त्याला नॉकिंग म्हणतात. शर्यतीच्या इंजिनात असे थोडेच घाव बसले तरी पिस्टन फुटू शकतो.

म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात. तो दिसतो गाडीच्या रेडिएटरसारखा. पातळ नळ्यांतून गरम हवा जाते आणि बाहेरचा वारा तिला गार करतो. रस्त्यावरच्या गाडीला हे पुरतं. पण शर्यतीची गाडी सुरुवातीला जागेवर उभी असते, वारा कुठून येणार? म्हणून तिथे पुष्कळजण पाण्याचा इंटरकूलर लावतात आणि पाण्याच्या टाकीत चक्क बर्फ भरतात. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यात एक किलो पाणी ८० अंशांनी तापलं असतं. शर्यत काही सेकंदांची, त्यामुळे बर्फ पुरून उरतो. पुढच्या फेरीआधी नवा बर्फ.

गार करायचा आणखी एक मार्ग इंधनातच आहे. सुई टोचायच्या आधी नर्सताई दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात, तेव्हा गार लागतं. स्पिरिट उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. इंजिनातही तसंच. पेट्रोल उडताना थोडी उष्णता घेतं, इथेनॉल बरीच जास्त आणि मिथेनॉल किलोमागे पेट्रोलच्या तिप्पट. शिवाय एक किलो मिथेनॉलला फक्त साडेसहा किलो हवा लागते, म्हणून तेवढ्याच हवेत ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त ओतावं लागतं. त्यामुळे हवा इतकी गार होते की मिथेनॉलवरच्या काही शर्यतीच्या गाड्यांना इंटरकूलर लावतच नाहीत. तोटा असा की टाकी लवकर रिकामी होते, पंप आणि नळ्या मोठ्या लागतात, आणि मिथेनॉल ॲल्युमिनियम खातं म्हणून शर्यत झाली की सगळं धुऊन काढावं लागतं.

इथेनॉल तर आपल्या ओळखीचं. उसाचा रस आणि मळी यांपासून आपल्याकडचे साखर कारखाने ते करतात आणि पंपावरच्या ई-ट्वेंटी पेट्रोलमध्ये ते २० टक्के असतं. शर्यतवाले ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन वापरतात, कारण ते नॉकिंग रोखतं. पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. म्हणून पावसाळ्यात फवारणी पंपासाठी आणलेल्या पेट्रोलचा कॅन घट्ट बंद ठेवा आणि महिनोन् महिने साठवू नका.

एवढी ताकद सोसायला इंजिनही तसंच बांधावं लागतं. साच्यात ओतलेल्या पिस्टनऐवजी ठोकून घडवलेले पिस्टन, जाड कनेक्टिंग रॉड, हेड घट्ट धरणारे मजबूत स्टड. कुकरला जशी शिट्टी असते, तसा टर्बोला वेस्टगेट नावाचा झडपेचा दरवाजा असतो. दाब ठरल्यापेक्षा वाढला की तो उघडतो आणि जादा धूर चाकाला वळसा घालून जातो. कामाचा क्रमही ठरलेला असतो. आधी पाया मजबूत, मग गारवा आणि इंधन, आणि दाब शेवटी, थोडा थोडा वाढवत. नुसताच दाब वाढवणारा इंजिन फोडून बसतो. एवढं करूनही शर्यतीचं इंजिन वरचेवर उघडून तपासतात.

आपला ट्रॅक्टर मात्र दिवसभर राबतो. त्याला बर्फ कोण घालणार? त्याच्या टर्बोचं आयुष्य आपल्या सवयींवर आहे. म्हणून ज्या घरी टर्बोची गाडी आहे, तिथे या गोष्टी सांगा:

नांगरट किंवा चढाचं काम झाल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटं रिकामं चालू द्यावं. लगेच बंद केलं तर तेल थांबतं आणि तापलेल्या दांड्यावर ते करपतं.

सुरू केल्यावरही लगेच जोर देऊ नये. तेल आधी टर्बोपर्यंत पोचू द्यावं.

तेल पुस्तिकेत लिहिलेलंच, आणि वेळेवर बदलावं. एअर फिल्टर मळणीच्या दिवसांत रोज पाहावा. धुळीचा कण त्या वेगाच्या चाकाला गोळीसारखा लागतो.

इंटरकूलरच्या जाळीत भुसा अडकला तर तो मऊ ब्रशने काढावा. जोराच्या पाण्याने जाळीच्या पात्या वाकतात.

आणि मेकॅनिक 'टर्बो गेला' म्हणाला तर दोन प्रश्न विचारा. इंटरकूलरचे रबरी पाईप आणि क्लॅम्प पाहिले का? दांडा हलवून पाहिला का? काळा धूर येतो आणि ताकद कमी लागते, तेव्हा कधी कधी फक्त पाईप फाटलेला असतो. निळा धूर असेल तर तेल जळतंय, मग टर्बो तपासायलाच हवा. गटाच्या बैठकीत दुरुस्तीचं कर्ज मागणाऱ्यालाही हेच विचारा आणि जुना भाग दाखवायला सांगा.

शेवटी एक कळकळीचं सांगणं. ज्या मिथेनॉलचं आम्ही इतका वेळ वर्णन केलं, ते विष आहे. दिसायला पाण्यासारखं, वासाला दारूसारखं. उन्हात त्याची ज्योतही नीट दिसत नाही. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात, जीव जातो. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत हेच होतं. तेव्हा व्हिडिओ पाहून कुणाचा मुलगा गाडीत घालायला असला कॅन घरी आणत असेल, तर तो घरात ठेवू देऊ नका. आणि वेगाची हौस असेल तर त्याला सांगा, ही शर्यत मोकळ्या पट्टीवर, परवाना, हेल्मेट आणि रुग्णवाहिका ठेवून होते. आपल्या गावच्या रस्त्यावर समोरून बैलगाडी येते, शाळेची मुलं येतात.

पुढच्या बैठकीत ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी त्याची पुस्तिका घेऊन या. तेलाचं पान आपण सगळ्याजणी मिळून वाचू.